तांबडा दिवा आणि चाळीस पौंड

मुंबईच्या टॅक्सीतून ज्यांनी प्रवास केला त्यांना प्रीमियर पद्मिनीची ओळख करून देण्याचे कारण नाही. टॅक्सी म्हणून या गाडीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांतून तिच्यावर पुष्कळ लिहून आले. गिअरचा दांडा, मागची ऐसपैस बैठक, टपावरचे सामान, सारे काही आले. तिच्या पिढीच्या लहान मोटारींत चालकासमोर एक बारीक तांबडा दिवाही असे. त्याच्याबद्दल कोणी लिहिले नाही आणि लिहावे असे काही त्यात वरकरणी नव्हतेही.

किल्ली फिरवली की हा दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की दोन-तीन सेकंदांत विझतो. विझला की चालक निश्चिंत होतो, 'ऑइल प्रेशर बरोबर आहे' असे म्हणतो आणि गाडी हलवतो. आजच्या मोटारींतही अशीच सोय आहे. आपल्यापैकी अनेक शिक्षक आता मोटार किंवा निदान स्कूटर चालवतात, आणि 'सर, इंजिनमधल्या तेलाला दाब कशाला लागतो?' असे विचारणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच. 'गंजू नये म्हणून तेल आणि पोचावे म्हणून दाब' असे उत्तर देऊन वेळ मारून नेता येते. पण बरोबर दाब म्हणजे किती? आणि बरोबर आहे हे कोणी ठरवले? या प्रश्नांचा माग काढत गेलो तर वाटेत शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास लागतो आणि तो आपल्या कुर्ला-घाटकोपरच्या रस्त्यावरूनही जातो.

भोकातून वर आलेले तेल

चाक आणि आस यांच्यामध्ये वंगण लागते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आपल्यातल्या वयस्कर वाचकांना आठवत असेल. एरंडेलात भिजवलेली चिंधी आसावर बसवायची, कुरकुर थांबली म्हणजे काम झाले. वंगण नेमके काय करते, हे विचारण्याची गरज गाडीवानाला पडली नाही. घर्षणाचे नियम फ्रान्समध्ये आमोंताँने १६९९ मध्ये आणि कुलोमने १७८५ मध्ये मांडले. भार दुप्पट केला की घर्षण दुप्पट होते, हा आपण शाळेत लाकडी ठोकळा ओढून दाखवतो तो नियम त्यांचाच. तेल लावले की पृष्ठभाग गुळगुळीत होतात आणि घर्षणाचा गुणांक कमी होतो, एवढाच अर्थ पुढे शंभर वर्षे लावला गेला.

आगगाड्या आल्या आणि हे पुरेनासे झाले. डब्याच्या आसावरचे पितळी बेअरिंग तापून पेट घेई. लंडनच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा छडा लावण्यासाठी समिती नेमली आणि प्रयोगांचे काम बोशाँ टॉवर या अभियंत्याकडे दिले. त्याचा पहिला अहवाल १८८३ चा आहे. रेल्वेच्या आसासारखा ४ इंच व्यासाचा दांडा, त्यावर वरून अर्धगोल पितळी बेअरिंग, खालून दांडा तेलात बुडालेला आणि बेअरिंगवर वजन, अशी त्याची मांडणी होती. दांडा फिरवायचा आणि घर्षण मोजायचे.

पहिला धक्का असा की तेलात बुडालेल्या या मांडणीत भार वाढवला तरी घर्षण जवळजवळ तेवढेच राही. म्हणजे ठोकळ्याचा नियम येथे लागूच पडत नव्हता. दुसरा धक्का योगायोगाने बसला. वरून तेल घालून पाहावे म्हणून टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. दांडा फिरू लागताच त्या भोकातून तेल वर येऊन सांडू लागले. ते थांबावे म्हणून त्याने बूच मारले. बूच हळूहळू वर सरकून बाहेर पडले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि दाबमापकाचा काटा २०० च्याही पुढे गेला.

खुंटी बाहेर येताच ती अधिक घट्ट बसवून काम पुढे रेटणारी माणसे पुष्कळ असतात. टॉवर त्यांतला नव्हता, एवढे तरी वर्गात जरूर सांगावे. काट्याने सांगितले ते असे: दांडा धातूवर टेकलेलाच नाही, तो तेलावर तरंगतो आहे, आणि त्याला उचलून धरणारा दाब कोणत्याही पंपाने दिलेला नाही. तो तेथल्या तेथे निर्माण होतो.

कसा, हे मॅंचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने दाखवले. दांडा बेअरिंगच्या भोकात नेमका मध्यभागी नसतो, भाराने किंचित एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोहोंमधली फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे निमुळती होते, पाचरीसारखी. फिरणारा दांडा आपल्याला चिकटलेले तेल ओढत त्या निमुळत्या टोकाकडे नेतो. तेल श्यान असल्याने झटकन निसटू शकत नाही, म्हणून दाब चढतो आणि दांडा उचलला जातो. पावसाळ्यात पश्चिम द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्यातून भरधाव जाणारी मोटार एकाएकी ताबा सोडून घसरते. तेथेही टायरखाली पाण्याची पाचरच शिरलेली असते. बेअरिंगला जे वरदान, ते टायरला संकट.

मग पंप कशाला?

येथे चौकस विद्यार्थी आपल्याला अडवील आणि त्याने अडवावेच. दांडा स्वतःचा दाब स्वतः निर्माण करीत असेल तर इंजिनमधल्या तेलाच्या पंपाचे आणि तांबड्या दिव्याचे काम काय?

काम आहे, पण आपण समजतो ते नाही. तेलाची पाचर दोन्ही बाजूंनी उघडी असते. दाबाखालचे तेल कडेने सतत गळून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. गळेल तेवढे नवे तेल आत यायला हवे. रेल्वेचा आस तेलाच्या हौदात बुडवता येतो. मोटारीच्या क्रँकशाफ्टवर मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला ती चैन नाही. पंप म्हणजे या बेअरिंगांना तेल वाढणारा वाढपी. पंपाने दिलेला दाब दर चौरस इंचाला ४०-५० पौंडांचा, तर पाचरीत स्फोटाच्या क्षणी उठणारा दाब हजारो पौंडांचा. तेलदाबाचा काटा दांडा कशावर तरंगतो ते सांगत नाही, पंगतीला वाढप चालू आहे की नाही एवढेच सांगतो.

पंपाने तेल देण्याची ही पद्धत वाफेच्या जलदगती इंजिनांसाठी बर्मिंगहॅमच्या बेलिस यांच्या कारखान्यातील ए. सी. पेन यांनी १८९० मध्ये बसवली. मोटारीत ती रुळायला मात्र वेळ लागला. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत तेलाचा पंपच नव्हता. फिरणारे भाग चेंबरमधले तेल उडवत आणि त्या शिंतोड्यांवर बेअरिंगे जगत. या गाडीचा 'बरोबर तेलदाब' किती, असे कोणी विचारले तर उत्तर शून्य, आणि तरी गाडी धडधाकट.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली. तिच्या शेवरोलेचे पुढे प्रसिद्ध झालेले सहा सिलिंडरांचे इंजिन मधल्या अवस्थेतले होते. मुख्य बेअरिंगांना पंपाने तेल, आणि कनेक्टिंग रॉडना मात्र पळीने उडवलेले. त्याचा काटा चालत्या गाडीत १५ पौंडांच्या आसपास असला की सारे ठीक. उलट १९२४ मध्ये आलेल्या क्रायस्लरच्या पहिल्या मोटारीत सर्व बेअरिंगांना दाबाखाली तेल आणि वर ते गाळण्यासाठी ऑइल फिल्टर होता. शेवरोलेला निरोगी वाटणारे १५ पौंड भरधाव क्रायस्लरला मात्र आजाराचे लक्षण. शेवरोलेने पूर्ण दाबाची पद्धत स्वीकारली ती १९५३-५४ मध्ये.

क्रायस्लरचे नाव मुद्दाम घेतले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली ती क्रायस्लरशी करार करूनच. कुर्ल्याला आग्रा रोडवर (आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग, जो पुढे घाटकोपर-मुलुंडकडे जातो) तिचा कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तेथून डॉज, प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांच्या फळीवर पेट्रोल, पाणी, वीज यांच्या जोडीला तेलदाबाचा काटा होता. चालकाला आकडा दिसे. थंड इंजिनात तो कुठे असतो, घाट चढल्यावर कुठे येतो, हे त्याच्या अंगवळणी पडे.

१९५० नंतर कुर्ल्यात फियाट आली. १९५४ पासून फियाट ११००, आणि त्याच घराण्यातली, १०८९ घन सेंमी इंजिनाची गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने. काट्याच्या जागी दिवा लावण्याची कल्पना मूळ अमेरिकेची, १९३० च्या दशकात हडसन कंपनीने रूढ केलेली. ती स्वस्त होती, आणि मोटार आता हौशी श्रीमंताच्या पगारी शोफरच्या हातातून सामान्य माणसाच्या हातात जात होती. त्याला आकडे नकोत, इशारा पुरे, असा हिशेब. आमच्या मते या हिशेबात काही तरी गमावले. काय, ते पुढील गणितात दिसेल.

पिचकारीचा प्रयोग

सुई नसलेली प्लास्टिकची मोठी पिचकारी (सिरिंज) घ्या. तीत खाण्याचे तेल भरून दट्ट्या दाबा. तेल सहज बाहेर पडते, अंगठ्याला दाब जाणवत नाही. आता पुढे जाड सुई बसवा, मग बारीक. तेवढ्याच वेगाने तेल काढायचे तर अंगठा दुखू लागतो. थोडक्यात, दट्ट्या तेलाला गती देतो आणि दाब निर्माण होतो तो वाटेतल्या अडथळ्यामुळे. आता खाण्याच्या तेलाऐवजी एरंडेल भरा, आणि नंतर तेच एरंडेल गरम पाण्यात बाटली ठेवून तापवून भरा. फरक विद्यार्थ्यांच्या अंगठ्यालाच कळेल. (सुई शिक्षकांनी स्वतः हाताळावी.)

इंजिनमधला दातेरी चाकांचा पंप असाच. प्रत्येक फेऱ्याला ठराविक तेल पुढे ढकलतो. तेलापुढे अडथळा असतो तो बेअरिंगमधल्या फटीचा. ही फट साधारण ०.०५ मिलिमीटर, माणसाच्या केसाहूनही बारीक. अरुंद फटीतून जाणारे तेल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दाब हा पंपाच्या वेगाच्या आणि तेलाच्या श्यानतेच्या सम प्रमाणात, आणि फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाब फार चढू नये म्हणून ५०-६० पौंडांना उघडणारी स्प्रिंगची झडप पंपाजवळ असते, तेथे हे प्रमाण तुटते.

एवढ्या एका वाक्यातून गॅरेजमधली बहुतेक निरीक्षणे उलगडतात. थंड इंजिनात काटा उंच का? तेल दाट म्हणून. ४० नंबरच्या एकेरी तेलाची श्यानता ४० अंश सेल्सिअसला जेवढी असते तिचा साधारण दहावा हिस्सा १०० अंशांना उरतो. खंडाळ्याचा घाट चढून आलेली, किंवा मे महिन्याच्या दुपारी घाटकोपरच्या कोंडीत अडकलेली गाडी नुसती गुरगुरत उभी असताना दिवा मिचकावते, आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबताच विझते, ते का? तेल पातळ झाले आहे आणि पंपही सावकाश फिरतो आहे म्हणून. जुन्या मिस्त्रींचा आडाखा असा की गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड असावेत. नुसत्या गुरगुरणाऱ्या इंजिनात १० ते २५ आणि रस्त्यावर ४० ते ६० पौंड, हे त्या काळच्या बहुतेक मोटारींना लागू पडते. आडाखा म्हणून ठीक, पण शेवटचा शब्द गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकाचा.

आता झीज. गरम आणि गुरगुरणाऱ्या इंजिनात फट ०.०५ मिमी असताना २० पौंड दाब आहे असे धरू. सर्व बेअरिंगे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने झिजली आणि फट ०.०६ झाली. १.२ चा घन १.७३. दाब साडेअकरा पौंडांवर उतरला. काटा असता तर चालकाला तो जवळजवळ निम्म्यावर आलेला दिसला असता. दिव्याचे बटण मात्र साधारण ५ पौंडांना बसवलेले असते. २० चे ५ व्हायला फट १.५९ पट, म्हणजे ०.०८ मिमी व्हावी लागेल. तोवर दिवा विझलेलाच, आणि चालक 'प्रेशर बरोबर आहे' म्हणतोच आहे. दिवा विझणे म्हणजे दाब बरोबर असणे नव्हे, ५ पौंडांहून अधिक असणे, एवढेच.

हे गणित कोणी न मांडताही बाजाराला ठाऊक होते. ०.०८ मिमी फटीच्या थकलेल्या इंजिनात दुप्पट श्यानतेचे तेल ओतले की दाब ५ चा १० होतो आणि दिवा विझतो. इंजिन तितकेच थकलेले राहते, उलट दाट तेल सुरुवातीला उशिरा पोचते. जुनी गाडी विकताना तिच्यात जाड तेल भरण्याची हातचलाखी यावरच चालते. विकत घेणाऱ्याला पंधरा दिवसांनी, तेल बदलल्यावर, खरे काय ते कळते, आणि टॅक्सीवाल्याच्या बाबतीत ते कर्ज काढून घेतलेल्या गाडीविषयी कळलेले असते. याहून वाईट प्रकार म्हणजे दिव्याची तारच काढून टाकणे. म्हणून जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा आधी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, दिवा लागतो का ते पाहा. येथे दिवा न लागणे ही धोक्याची खूण. मग गाडी चांगली अर्धा तास फिरवून, तापलेल्या अवस्थेत उभी करून पाहा.

आणखी एक गैरसमज जाता जाता. दाब जास्त म्हणजे तब्येत उत्तम, असे नाही. पिचकारीची सुई तुंबली तरी अंगठ्याला दाब जास्तच लागतो. तेलाच्या वाटेत गाळ साचला तर काटा दिमाखात उंच राहील आणि पलीकडचे बेअरिंग उपाशी मरेल. शरीरातल्या रक्तदाबाशी तुलना करायची तर ती येथे करावी.

हे तेल येई कुठून, तेही मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एरंडेल बैलगाडीपुरतेच राहिले नव्हते. इंग्लंडमधील वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये ज्या तेलाला कॅस्ट्रॉल नाव दिले ते त्यात एरंडेल मिसळले होते म्हणूनच. पुढे खनिज तेलाने त्याला मागे सारले. चेंबूरजवळ माहुलला एसोचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये सुरू झाला, पण वंगणाचे मूळ तेल काढणारा लूब इंडियाचा कारखाना तेथे १९६९ मध्ये आला. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर दोन्ही हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेले. कुर्ल्यात इंजिन आणि चार-पाच मैलांवर त्याचे तेल, असा हा शेजार होता. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि कारखान्याच्या जागेवर वसाहती उठल्या. सुट्या भागांची दुकाने मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून आहेत.

एकेरी तेल जाऊन २०डब्ल्यू-४० सारखी दुहेरी तेले आली. थंडीत फार दाट होत नाहीत आणि उष्णतेत फार पातळ पडत नाहीत, अशी त्यांची घडण. यातला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. काही मोटारींत काटाही परत आला. पण अमेरिकेतील एका बड्या कंपनीने बसवलेला काटा ५-६ पौंडांपुढे काहीही असले तरी सरळ मध्यावर जाऊन उभा राही, कारण खरा काटा खाली-वर होताना पाहून ग्राहक घाबरून तक्रार घेऊन येत. दिव्यालाच काट्याचा वेश!

अलीकडच्या इंजिनांत तर गरज नसेल तेव्हा पंपच दाब मुद्दाम उतरवतो. पंप फिरवायला लागणारे इंधन त्यातून वाचते. ०डब्ल्यू-२० सारखी पातळ तेलेही त्याच हेतूने आली, आणि त्यांच्यासाठी बेअरिंगच्या फटी व पंप बेताने आखलेले असतात. पद्मिनीवर हात बसलेला एखादा मिस्त्री असे पातळ तेल बोटांत घेऊन चोळतो, मान हलवतो आणि 'यात काय दम आहे?' म्हणून दुसरा डबा उघडतो. त्याचा अनुभव खोटा नाही, तो वेगळ्या फटीचा आहे. डबा उघडण्याआधी इंजिनावरचे तेल भरण्याचे झाकण पाहावे. कोणते तेल घालायचे ते पुष्कळदा त्यावरच छापलेले असते.